लहान लेथवर डावे आटे पाडणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना लेथवर उजवे आटे पाडता येतात, परंतु डावे आटे पाडण्याची वेळ पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. टूलला धार लावणे, सेंटर गेजने टूल जॉबला काटकोनात लावणे, टूलचे टोक सेंटरच्या उंचीवर आणणे या गोष्टी दोन्ही प्रकारच्या आट्यांना सारख्याच लागतात, म्हणून त्या येथे पुन्हा सांगितलेल्या नाहीत. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी एम१० × १.५ हा आटा (१० मिमी व्यास, १.५ मिमी पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधले अंतर) आणि १.५ मिमी पिचचा लीडस्क्रू, म्हणजे कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू, धरला आहे, कारण मेट्रिक मिनी लेथवर हाच लीडस्क्रू सहसा आढळतो.

डावा आटा नुसत्या नजरेने कसा ओळखावा?

बोल्ट उभा धरून समोरून पाहावा. आट्यांच्या रेषा उजवीकडे चढत गेलेल्या दिसल्या तर आटा उजवा आणि डावीकडे चढत गेलेल्या दिसल्या तर डावा. बोल्ट उलटा धरला तरी उत्तर बदलत नाही. रेखाटनावर डावा आटा मापापुढे ‘एलएच’ लिहून दाखवतात. काहीच लिहिले नसेल तर आटा उजवा समजायचा असतो.

डावे आटे लागतात तरी कुठे?

जेथे फिरण्याच्या दिशेमुळे उजवी नट आपोआप सैल झाली असती, तेथे ते हमखास दिसतात. बेंच ग्राइंडरच्या डाव्या टोकाची नट आणि सायकलचे डावे पेडल ही त्यांची नेहमीची उदाहरणे आहेत. पेडलचा आटा बहुधा ९/१६ इंच, २० आटे प्रति इंच असा असतो आणि डाव्या बाजूला तोच आटा डावा असतो. टर्नबकलच्या एका टोकाला उजवा आणि दुसऱ्या टोकाला डावा आटा असतो, म्हणूनच मधला भाग फिरवला की दोन्ही टोके एकाच वेळी जवळ येतात किंवा लांब जातात.

लेथवर काम करणाऱ्याला सर्वांत जवळचे उदाहरण त्याच्या हाताखालीच असते. ज्या लेथमध्ये क्रॉस स्लाइडचा स्क्रू सॅडलमध्ये जागच्या जागी फिरतो आणि नट स्लाइडला बसवलेली असते, तेथे तो स्क्रू डावा असतो. तसा तो नसता, तर हँडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर टूल जॉबकडे जाण्याऐवजी मागे आले असते. झिजलेला क्रॉस स्लाइड स्क्रू नवा करणे हे अनेकांचे डाव्या आट्यांचे पहिले मोठे काम ठरते.

ज्वलनशील वायूंच्या जोडण्यांनाही डावे आटे असतात, जेणेकरून त्या ऑक्सिजनच्या जोडणीवर चुकूनही बसू नयेत. मात्र त्या जोडण्या घरच्या लेथवर बनवू नयेत. तेथे आट्याबरोबरच बैठकीच्या पृष्ठभागाचा नेमकेपणा आणि दाबाची चाचणीही आवश्यक असते.

आट्याची दिशा नेमकी कशावरून ठरते?

स्पिंडल कोणत्या दिशेला फिरत असताना कॅरेज, म्हणजे टूल वाहून नेणारा भाग, कोणत्या दिशेला सरकते, केवळ या संबंधावरून ती ठरते. टूल समोर आहे की मागे, सुलटे आहे की उलटे, कट हेडस्टॉककडे (चकच्या बाजूला) जातो आहे की टेलस्टॉककडे (समोरच्या टोकाला), या कशाचाही आट्याच्या दिशेशी स्वतंत्र संबंध नाही.

नेहमीच्या जोडणीत स्पिंडल सरळ फिरत असताना, म्हणजे जॉबचा वरचा भाग आपल्याकडे येत असताना, कॅरेज हेडस्टॉककडे जाते आणि उजवा आटा पडतो. डाव्या आट्यासाठी स्पिंडल तसेच सरळ फिरत ठेवून कॅरेज टेलस्टॉककडे जायला हवी. त्यासाठी स्पिंडल आणि लीडस्क्रू यांच्या मधल्या गिअरमालिकेत दिशा उलटवावी लागते आणि हे काम मोटरच्या स्विचने होत नाही.

मोटर उलटी फिरवली की कॅरेज टेलस्टॉककडे जातेच की. मग डावा आटा पडणार नाही का?

नाही. डाव्या आट्यांविषयी सर्वांत जास्त गैरसमज याच मुद्द्यावर होतो, म्हणून तो नीट पाहू. मोटर उलटी केल्यावर स्पिंडल उलटे फिरते आणि गिअरने त्याला बांधलेला लीडस्क्रूही उलटा फिरतो. दोन्ही एकत्र उलटल्यामुळे त्यांच्यातला संबंध जसाच्या तसा राहतो. टूल उलटे लावून असा कट घेतला तर तो टेलस्टॉककडे जाईल, पण आटा उजवाच पडेल. उजवे आटे खांद्यापासून बाहेर पाडण्याची ही एक चांगली आणि प्रचलित पद्धत आहे. डाव्या आट्यासाठी मात्र तिचा उपयोग नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर गिअरमालिका न बदलता चकमध्ये एखादी जुनी सळई धरावी, तिला मार्करची शाई लावावी आणि टूलचे टोक नुसते टेकवून, मोटर एकदा सरळ आणि एकदा उलटी चालवून दोन ओरखडे काढावेत. दोन्ही रेषा एकाच बाजूला चढलेल्या दिसतील.

दिशा उलटवण्यासाठी लेथवर काय असते?

बऱ्याच लहान लेथवर हेडस्टॉकच्या मागे किंवा डाव्या टोकाला टंबलरचा दांडा असतो. त्याला तीन जागा असतात: सरळ, मोकळा आणि उलटा. एका जागी स्पिंडलच्या गिअरपासून पुढच्या गिअरपर्यंत एक आयडलर (फक्त दिशा बदलणारा मधला गिअर) मध्ये येतो, दुसऱ्या जागी दोन येतात, आणि त्या एका आयडलरच्या फरकाने लीडस्क्रूची दिशा बदलते.

टंबलर स्पिंडल थांबवूनच हलवावा, कारण फिरत्या गिअरमध्ये तो ढकलल्यास दाते तुटतात; लहान लेथवरचे गिअर अनेकदा प्लॅस्टिकचे असल्यामुळे तर हमखास. तसेच आटा अर्धवट झालेला असताना टंबलरला हात लावू नये. एकदा गिअर सुटले की पुन्हा अडकताना ते आधीच्याच दातावर येतील याची शाश्वती नसते आणि टूल जुन्या खाचेत बसत नाही.

माझ्या लेथला टंबलर नाही. मग काय करावे?

गिअरमालिकेत एक आयडलर वाढवावा. आयडलर म्हणजे ज्याच्या एकाच दातांच्या रांगेत दोन्ही शेजारी गिअर अडकतात असा मधला गिअर. तो कितीही दातांचा असला तरी गुणोत्तर बदलत नाही, फक्त दिशा बदलते. खरी अडचण जागेची असते. गिअर धरणाऱ्या कंसावर, ज्याला अनेक जण बॅंजो म्हणतात, आणखी एका पिनसाठी जागा असावी लागते आणि वाढवलेला गिअर झाकणाला घासता कामा नये. कंसाच्या खाचेत जागा नसेल, तर आयडलरसाठी एक छोटी जोडपट्टी बनवणे हाच सरळ उपाय ठरतो. झाकण काढून ठेवून काम करण्याचा मार्ग धरू नये.

इलेक्ट्रॉनिक लीडस्क्रू बसवलेल्या लेथवर हे सगळे एका सेटिंगने होते. पुढची सर्व उत्तरे मात्र त्यांनाही तितकीच लागू आहेत.

डाव्या आट्यासाठी गिअरचे गणित बदलते का?

बदलत नाही. चालवणाऱ्या गिअरचे दात भागिले चालणाऱ्या गिअरचे दात हे गुणोत्तर, आट्याची पिच भागिले लीडस्क्रूची पिच याएवढेच ठेवायचे. १.५ मिमी लीडस्क्रूवर १.५ मिमी पिचसाठी ते १ येते, १.२५ मिमीसाठी ५/६ म्हणजे ५० आणि ६० दात, तर १.७५ मिमीसाठी ७/६ म्हणजे ३५ आणि ३० दात. लेथच्या झाकणावरचा तक्ता जसाच्या तसा वापरता येतो.

कट कुठून सुरू करायचा?

येथे डाव्या आट्याची पद्धत उजव्यापेक्षा खऱ्या अर्थाने वेगळी होते. उजव्या आट्यात टूल मोकळ्या हवेतून जॉबच्या टोकावर येते आणि शेवटी खांद्याजवळ थांबते. डाव्या आट्यात ते खांद्याजवळ, जॉबच्या अंगातच सुरू होते आणि मोकळ्या टोकातून बाहेर पडते. म्हणून सुरुवातीच्या जागी आधी अंडरकट, म्हणजे टूल सुरू होण्यापुरती गोल खाच, घ्यावा लागतो, आणि पुढचे सगळे काम सुखाने होणार की नाही हे बरेचसे त्या अंडरकटवर अवलंबून असते.

अंडरकटची खोली आट्याच्या खोलीपेक्षा किंचित जास्त असावी. एम१० × १.५ च्या बाहेरील आट्याची खोली पिचच्या ०.६१३४ पट, म्हणजे सुमारे ०.९२ मिमी येते. तेथे एका बाजूने १ मिमी खोल अंडरकट पुरतो. रुंदी पिचच्या निदान दोनपट, शक्य असेल तर तिप्पट ठेवावी. ही रुंदी केवळ टूलचे टोक मावण्यासाठी नसते. हाफनट (कॅरेजला लीडस्क्रूशी जोडणारी दोन भागांची नट) अडकल्यावर कॅरेज लगेच चालू लागत नाही. आधी लीडस्क्रू आणि नट यांच्यातली मोकळीक भरून निघते आणि मगच ती एका वेगाने सरकू लागते. हे सर्व टूल धातूला लागण्याच्या आत घडायला हवे. अंडरकट अरुंद असेल तर पहिला आटा इतरांपेक्षा वेगळ्या पिचचा पडतो, आणि नट तेथेच अडकली की दोष कुठे आहे हे शोधण्यात बराच वेळ जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे अंडरकटची टेलस्टॉककडची कड. टूल प्रत्येक कटला याच कडेवर पूर्ण खोलीने आदळते. लहान लेथच्या हलक्या अंगाला हा धक्का सोसत नाही आणि टूलचे टोक उडण्याचे प्रकार बहुतेक येथेच होतात. त्या कडेला ३० ते ४५ अंशांचा उतार दिला, तर टूल हळूहळू धातूत शिरते. हा उतार आटे पाडण्याआधी द्यावा. नंतर देण्यात बर काढण्यापलीकडे फारसा फायदा नाही.

या उलट्या प्रवासाचा मोठा फायदा असा की टूल चकपासून दूर जाते. उजव्या आट्यात खांद्याजवळ हाफनट वेळेवर सोडण्याचा जो ताण असतो, तो येथे राहत नाही. एका सेकंदाचा उशीर झाला तरी टूल हवेतच फिरत असते. माझ्या मते आटे पाडण्याची भीती वाटणाऱ्या नवशिक्याला डावा आटा उजव्यापेक्षा सोपा जातो, फक्त त्याची तयारी जास्त असते.

अंडरकट घेता येत नसेल तर?

सुरुवातीच्या जागी आट्याच्या खोलीइतके एक लहान छिद्र पाडून टूल प्रत्येक वेळी त्यातून सुरू करण्याची जुनी पद्धत आहे. मोटरवर ती जमवणे कठीण असते, कारण टूल छिद्रात असतानाच स्पिंडल थांबलेले हवे. स्पिंडलच्या मागच्या टोकात बसणारे हाताने फिरवायचे हँडल असेल तर मात्र ती छान जमते. आखूड आट्यासाठी अंडरकट असतानाही हँडल वापरावे असे मी सुचवेन. हँडल लावलेले असताना मोटरचा पुरवठा बंदच ठेवावा.

टूल वेगळे लागते का?

६० अंशांचे टोक तेच. फरक बाजूच्या क्लिअरन्सचा, म्हणजे टूलचे अंग आट्याला घासू नये म्हणून दिलेल्या उताराचा, आहे. आट्याचा तिरकसपणा पिच आणि मध्यव्यासाच्या परिघावरून निघतो. एम१० × १.५ साठी तो सुमारे ३ अंश येतो. उजव्या आट्यात तो टूलच्या डाव्या अंगाला खेटतो, तर डाव्या आट्यात उजव्या, म्हणजे टेलस्टॉककडच्या अंगाला. हायस्पीड स्टीलच्या टूलला दोन्ही अंगांना ८ ते १० अंशांचा क्लिअरन्स असेल तर बारीक पिचला तेच टूल दोन्हीकडे चालते. जाड पिचला ते चालेलच असे नाही: टीआर१६ × ४ या ट्रॅपेझॉइडल आट्याचा तिरकसपणा सुमारे ५.२ अंश असतो आणि तेथे उजव्या अंगाचा क्लिअरन्स मुद्दाम वाढवावा लागतो. क्रॉस स्लाइडचा स्क्रू करताना हे विशेष लक्षात ठेवावे.

इन्सर्ट (धारकात बसवायचे बदलते टोक) वापरत असाल तर धारकात इन्सर्टखाली बसणारी पातळ बैठक पाहावी. ती सहसा उजव्या आट्याच्या बाजूला १.५ अंश कललेली असते. नेहमीच्या उजव्या धारकाने टेलस्टॉककडे कट घ्यायचा असेल तर उलट कलाची बैठक लागते.

कंपाउंड स्लाइड कोणत्या बाजूला वळवावी?

टूलची पुढे जाणारी धार, म्हणजे येथे उजवी धार, मुख्यतः कापेल अशा बाजूला. उजव्या आट्यात कंपाउंड २९ ते २९.५ अंशांवर लावून टूल आत आणि डावीकडे सरकवतात. डाव्या आट्यात तोच कोन विरुद्ध बाजूला लावून टूल आत आणि उजवीकडे सरकले पाहिजे. ०.९२ मिमी खोलीसाठी २९.५ अंशांवर कंपाउंड सुमारे १.०६ मिमी पुढे न्यावी लागते.

कागदावर हे सोपे वाटते, पण लहान लेथवर कंपाउंड अशी वळवली की तिचे हँडल हेडस्टॉकच्या बाजूला जाते आणि फिरत्या चकच्या फार जवळ येते. तेथे हात घालणे मला पटत नाही. याला चांगला पर्याय असा की कंपाउंड बेडला समांतर ठेवावी, खोली क्रॉस स्लाइडने द्यावी आणि दर कटला कंपाउंड उजवीकडे त्या खोलीच्या सुमारे अर्ध्याइतकी सरकवावी. ०.१० मिमी आत गेल्यास ०.०५ मिमी उजवीकडे पुरते. कंपाउंडची शेवटची हालचाल नेहमी उजवीकडेच असावी. कापण्याचा जोर टूलला डावीकडे ढकलत असल्यामुळे तो स्क्रूची मोकळीक आपोआप एका बाजूला दाबून ठेवतो.

१ मिमी आणि त्याखालच्या पिचला यातले काहीच न करता क्रॉस स्लाइडने सरळ आत गेले तरी चालते.

हाफनट कधी उघडावी? थ्रेड डायलच्या खुणा उलट वाचायच्या का?

डायल (हाफनट केव्हा अडकवायची ते दाखवणारी तबकडी) उलट्या दिशेने फिरेल, खुणांचे नियम मात्र तेच राहतील. १.५ मिमी लीडस्क्रूवर १.५, ०.७५ आणि ०.५ मिमी पिचला तर डायल पाहण्याचीही गरज नसते, कारण या पिचने लीडस्क्रूच्या पिचला पूर्ण भाग जातो. १ मिमी पिचला आटे दर ३ मिमीवर आणि १.२५ मिमी पिचला दर ७.५ मिमीवर जुळतात, म्हणून तेथे डायल लागतो. मेट्रिक लीडस्क्रूवर इंचाचे आटे किंवा इंची लीडस्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना हाफनट शेवटपर्यंत बंद ठेवून मोटर उलटी करून मागे यावे.

त्या मागे येण्यातच डाव्या आट्याचा एकमेव मोठा धोका आहे. टूल जॉबपासून दूर करून मोटर उलटी केली की कॅरेज मोटरच्या जोराने चककडे येते. स्पिंडल अंडरकटच्या थोडे आधी बंद करावे आणि उरलेले अंतर चक हाताने फिरवून पूर्ण करावे. अंडरकटच्या थोडे पलीकडे जाऊन मग पुढे यावे, म्हणजे मोकळीकही भरून निघते. ज्या लेथची चक स्पिंडलवर आट्यांनी बसते, उदाहरणार्थ मायफर्ड एमएल७, तेथे मोटर झटक्याने उलटी केल्यास चक सैल होऊ शकते.

स्पिंडलचा वेग किती असावा?

६० ते १०० फेरे प्रति मिनिट. १०० फेऱ्यांना १.५ मिमी पिचची कॅरेज सेकंदाला २.५ मिमी सरकते. लेथला कमी वेगाचा गिअर असेल तर तोच लावावा, कारण केवळ इलेक्ट्रॉनिक नॉबने वेग उतरवल्यास मोटरचा जोर पडतो आणि टूल कडेवर आदळताच स्पिंडल अडखळते.

जॉब चकमधून बाहेर सरकतो. असे का होते?

टूलचा आडवा जोर या वेळी टेलस्टॉककडे असतो. उजव्या आट्यात जॉब चकमध्ये आत दाबला जातो, येथे तो बाहेर ओढला जातो. चक घट्ट आवळणे हा अर्धा उपाय झाला. जॉबला टेलस्टॉकच्या सेंटरचा आधार देणे हा पुरा. मात्र टूल शेवटी त्याच सेंटरकडे येत असल्याने बारीक नाकाचे सेंटर घ्यावे किंवा जॉबचे टोक आट्याच्या तळापेक्षा कमी व्यासाचे करून थोडे लांब सोडावे. कट सुरू करण्याआधी हाफनट उघडी ठेवून कॅरेज हाताने शेवटपर्यंत नेऊन पाहावी, कारण टूल पोस्ट टेलस्टॉकला अडकण्याचा प्रसंग लहान लेथवर सहज येतो.

लीडस्क्रूवरचा जोरही नेहमीच्या उलट बाजूला जातो. त्याच्या टोकाच्या कॉलरमध्ये ढिलाई असेल तर ती आधी काढावी.

डावा आटा बाहेरून खांद्याकडे पाडता येतो का?

येतो. गिअर डाव्या आट्याचेच ठेवून मोटर उलटी फिरवायची आणि टूल उलटे लावायचे. मग कॅरेज हेडस्टॉककडे जाते. बोल्टने बसवलेली चक असेल तरच हे करावे. कापण्याचा जोर टूलला वर उचलतो, त्यामुळे सॅडलच्या पट्ट्या नीट आवळलेल्या हव्यात.

आतील डावे आटे कसे पाडावेत?

बोअरिंग बार भोकाच्या आतल्या अंडरकटमध्ये न्यावा आणि कट बाहेर येत येत घ्यावा. बंद भोकासाठी हे वरदानच आहे, कारण टूल तळावर आदळण्याचा प्रश्न उरत नाही. आरपार भोकात टूल जॉबच्या मागून सुरू होते, तेव्हा जॉब आणि चक यांच्यात पुरेशी जागा आहे ना ते पाहावे. टूल मागे घेण्याची दिशा बाहेरील आट्याच्या उलट, म्हणजे भोकाच्या मध्याकडे असते. घाईत हात सवयीने नेमका चुकीच्या बाजूला जातो. एम१० × १.५ साठी भोक ८.५ मिमीचे ठेवावे.

आटा तपासायचा कसा?

पहिला कट केवळ ०.०५ मिमीचा घेऊन पिच गेजने पिच आणि नजरेने दिशा तपासावी. अंतिम मापासाठी तीन तारांची पद्धत, म्हणजे आट्यांच्या खाचांत तीन बारीक तारा ठेवून त्यांवरून माप घेणे, डाव्या आट्याला जशीच्या तशी चालते. १.५ मिमी पिचसाठी ०.८६६ मिमी व्यासाच्या तारा घेतल्या, तर एम१० च्या ६जी सहिष्णुतेत (बाहेरील आट्याच्या नेहमीच्या मापमर्यादेत) तारांवरून घेतलेले माप १०.१६१ ते १०.२९३ मिमीच्या दरम्यान यायला हवे. तारा नसतील तर जोडीची डावी नट आधीच हाताशी ठेवावी. नट आणि बोल्ट दोन्ही स्वतःच करायचे असल्यास आधी नट करून घ्यावी, कारण बोल्टचा आटा नटीत बसवून पाहत कमी करणे सोपे असते.

उजवी डाय उलटी धरली तर डावा आटा पडेल का?

पडणार नाही. डाय उलटी केल्याने तिच्या आट्याचा तिरकसपणा बदलत नाही. डावी डाय वेगळी विकत घ्यावी लागते आणि ती घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरवावी लागते. ती असेल, तर लेथवर आटा जवळजवळ पूर्ण खोलीपर्यंत पाडून शेवटचा हात डायने फिरवणे हा लहान लेथसाठी चांगला मार्ग आहे: लेथमुळे आटा जॉबला सरळ राहतो आणि डायमुळे त्याला नेमका आकार मिळतो.